शाकारलेला कॉम्प्युटर

माझ्या हत्यारांच्या पिशवीला अजून ग्रीसचा वास येतो. पिशवी धुऊन झाली, वाळवायची म्हटलं तर आषाढात पनवेलला ऊन कुठलं, म्हणून खिडकीच्या गजाला टांगून ठेवली. पण सकाळी कामाला बसताना स्क्रूड्रायव्हर काढायला हात आत घातला, की हत्याराआधी तो वासच भेटतो. जाड, जुनाट, थोडा गोडसर. आमच्या दुकानात लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्त होतात. इथले वास म्हणजे तापलेल्या कथलाचा, स्पिरिटचा, नाहीतर शेजारच्या गाडीवरच्या वड्यांचा. ग्रीसचा इथे काय संबंध! बरोबरचे लोक चेष्टा करतात, बाईंनी गॅरेज काढलं म्हणतात. मी हसून सोडून देते. वासाचं तुम्हालाही ठाऊक असेल, तो एकदा नाकात शिरला की आपल्याला कुठे न्यायचं ते तोच ठरवतो. मला तो हातातलं काम तसंच टाकायला लावतो आणि थेट खाडीच्या तोंडाशी, आमच्या गावच्या किनाऱ्यावर नेऊन उभं करतो.

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे पडल्या, की रस्ता उतरत उतरत खाडीकडे जातो आणि जिथे त्याला पुढे जायला जमीन उरत नाही तिथे आमचा कोळीवाडा. मे महिना सरत आला की तिथे आगोटीची धांदल उडते. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीचे घाईचे दिवस. लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ-मिरची सगळं चार महिन्यांसाठी आत घ्यायचं, आणि होड्यासुद्धा. समुद्र खवळायच्या आत दोरखंड लावून, हाकारे देत, साऱ्या वाड्यानं मिळून होडी वाळूवर ओढायची, ओंडक्यांवर बसवायची आणि माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारायची, म्हणजे वरून झाकून घ्यायची. झापांच्या जागी आता निळी ताडपत्री आली, पण शब्द तोच राहिला. शाकारण्याआधी इंजिन उघडून, पुसून, त्याच्या नटाबोल्टांना ग्रीसचा जाड लेप द्यायचा, म्हणजे खाऱ्या वाऱ्याला लोखंड खायला मिळत नाही. त्या दिवसांत सबंध किनाऱ्याला ग्रीसचा आणि सुकत्या बोंबलांचा मिळून एक वास असतो. बाहेरच्या माणसाला तो सोसत नाही, आणि आम्हाला त्याच्यावाचून मे महिना संपल्यासारखा वाटत नाही.

या वाड्यात, या वासात, शतक बदलायच्या थोडं आधी एक कॉम्प्युटर आला. आला तो माझ्या थोरल्या भावासाठी. त्याला मी दादूस म्हणते. आमच्याकडे थोरल्या भावाला तसंच म्हणतात. आमचे बाबा तांडेल, होडीवरचे मुख्य. आणि तांडेलाच्या या मुलाला बोट लागायची. खाडीचं तोंड ओलांडलं की याच्या पोटात ढवळायला सुरुवात. बाबांनी सगळे उपाय करून पाहिले. लिंबू चोखायला दिलं, आलं दिलं, देवीला बोलून झालं. दादूस हिरवानिळा पडून होडीच्या कडेला लोंबकळलेलाच. शेवटी तो बारावी झाल्यावर बाबांनी मुकाट्यानं त्याला अलिबागेत कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं. वाड्यात पुष्कळ कुजबुज झाली, तांडेलाचं पोर बटणं दाबणार म्हणून बायकांनी नाकं मुरडली. पुढच्या हंगामात मासळी विकायला होडी मुंबईच्या धक्क्यावर गेली, ती परतली तेव्हा बर्फाच्या रिकाम्या खणात खोकी होती. वर जाळं, जाळ्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर बाबांची घोंगडी. मासळीच्या टोपल्या उतरवतात तशी ती खोकी डोक्यावरून, पाण्यातून, किनाऱ्याला लागली. दादूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जवळून जाणाऱ्या प्रत्येक खोक्याला हात लावत होता. आईनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच ती खोकी घरात आली.

तो नुसता कॉम्प्युटर नव्हता, मल्टिमीडिया कॉम्प्युटर होता. हा शब्द दादूस इतक्या प्रेमानं उच्चारायचा की वाड्यातल्या म्हाताऱ्याही तो शिकल्या. सायीच्या रंगाचं उभं कॅबिनेट, पाठीमागे गाठोडं बांधल्यासारखा फुगीर मॉनिटर, दोन बाजूंना दोन स्पीकर, एक काडीसारखा माइक, आणि बटण दाबलं की जीभ बाहेर काढणारा सीडीचा खण. त्याच्याबरोबर एक ज्ञानकोशाची सीडी आली होती. तीत देशोदेशीचे झेंडे होते, ज्वालामुखी होते आणि प्राण्यांचे आवाज होते. सिंह, हत्ती वगैरे मंडळींचं कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. पण एका दुपारी दादूसनं देवमाशाचा आवाज लावला. खोल, लांबलचक, मध्येच वर चढणारा. पडवीत जाळं शिवत बसलेले एक म्हातारे तांडेल हातातली सुई खाली ठेवून आत आले आणि पुन्हा लाव म्हणाले. दादूसनं पुन्हा लावला. त्यांनी हात जोडले. तरुणपणी, वारा पडलेल्या एका दिवशी, होडीच्या तळाला कान लावून झोपले असताना त्यांनी हा आवाज ऐकला होता. गावात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यानंतर ते अधूनमधून कुणा ना कुणाला बरोबर घेऊन यायचे, दादूसला आवाज लावायला सांगायचे आणि आलेल्याच्या तोंडाकडे बघत बसायचे.

दादूसनं पडवीत क्लास काढला. मासळीच्या टोपल्या एका बाजूला सरकवून मांडलेली एक खुर्ची आणि भोवती गोल करून बसलेली पोरंपोरी, असा तो क्लास. समुद्रावर ज्याच्या पोटात पाणी ठरत नसे तो माणूस त्या खुर्चीशेजारी तांडेलासारखाच उभा राहायचा. पाठ ताठ, नजर पडद्यावर, बोटं आपापल्या घरात; आणि बटणांकडे बघायचं नाही. बघणाऱ्याच्या हातांवर तो स्वतःच्या खांद्यावरचा पंचा पसरायचा. त्या पंचाखाली वाड्यातली निम्मी मुलं टायपिंग शिकली. कुणी माणगावच्या कारखान्यात स्टोअरला लागलं, कुणी बंदरावरच्या कचेरीत. मला मात्र टायपिंगपेक्षा त्या खोक्याच्या आत काय आहे याचीच ओढ. दादूसनं एकदा कॅबिनेटचं झाकण काढलं तेव्हा मी तिथून हललेच नाही. त्यानं मला ओरडून हाकलायला हवं होतं, त्याऐवजी त्यानं स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. आज ज्या कामावर माझं पोट आहे त्याची सुरुवात त्या एका स्क्रूपासून आहे, आणि याबद्दल मला त्याचं जेवढं वाटतं तेवढं मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात ती पद्धतच नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. गावोगावी क्लास निघाले, मग पोरांच्या हातात मोबाइल आले, आणि पडवीतली खुर्ची रिकामी राहू लागली. बाबा गेले. दादूस मासळी सोसायटीत हिशेबनीस झाला, लग्न होऊन आलेली वहिनी घरात रुळली, तिची मुलं शिकून दूर गेली. कॉम्प्युटर माळ्यावर गेला तो तिथेच राहिला. वहिनी त्याला आपली सवत म्हणायची. नवऱ्याचं पहिलं प्रेम माळ्यावर निजलेलं आहे आणि झाडू मात्र मीच मारते, असं तिचं म्हणणं. दादूस हसायचा, पण काढून टाकू द्यायचा नाही.

गेल्या दिवाळीनंतर दादूसला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुढचे काही महिने महत्त्वाचे. हात रोज चालवला तर बराचसा परत येईल, नाही चालवला तर आखडून बसेल, मग काही करता येणार नाही. व्यायाम शिकवायला अलिबागहून एक मुलगी यायची. तिनं स्पंजचा चेंडू दिला, मणी ओवायला दिले, कपड्यांचे चिमटे दिले. दादूसनं चेंडू अंगणात भिरकावला, आणि ती मुलगी आली की भिंतीकडे तोंड करून पडू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांची बोटं घडवणाऱ्या माणसाला चिमटे उघड-मीट करायला लावणं मलाही बघवत नव्हतं. पण हात वाट बघत नव्हता. वहिनी एरवी कधी हात टेकणारी बाई नव्हे, पण एक दिवस फोनवर म्हणाली, "बाय, मरान न्हाय आलं त्यांना, पन जगाची आस पन न्हाय. मी कुना कुना सांगू?" मला त्या वेळी माळा दिसत होता. बटणांवर बोटं ठेवायचा मोह तरी त्याला होईल, एवढाच माझा हिशेब होता. पुढच्या रविवारी मी गावी गेले आणि त्या सवतीला माळ्यावरून खाली उतरवलं.

प्लास्टिकच्या थरांवर थर होते, वर सुतळीच्या गाठी, आत डांबराच्या गोळ्या. गाठी बाबांच्या. त्या सोडवताना माझ्या लक्षात आलं की एखादी वस्तू अडगळीत टाकताना इतकी कुणी बांधत नाही. प्लास्टिक निघालं आणि ग्रीसचा वास आला, तेव्हा सगळं आठवलं. आमच्या घरी दर आगोटीला होडीबरोबर कॉम्प्युटरही शाकारला जायचा! बाबांच्या लेखी तो होडीतून आला म्हणजे होडीच्याच घरातला. लाकूड असो की लोखंड, खारा वारा दोघांना सारखाच, असं म्हणून ते ग्रीसचा डबा घेऊन बसायचे. मागचे स्क्रू, वायरी खोचायच्या जागा, कॅबिनेटच्या फटी, सगळीकडे अंगठ्यानं ग्रीस. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण आतल्या मेमरीच्या पट्ट्या आणि साउंड कार्ड काढून त्यांच्या सोनेरी कडांनाही ते लेप द्यायचे. दादूसनं पहिल्या वर्षी हरकत घेतली होती. बाबांनी विचारलं, सोनं म्हणतोस ना, मग जपायला नको? दादूसनं पट्ट्या काढून दिल्या. मग क्लास बंद. अडीच-तीन महिने वाड्याची होडी पाण्यात नाही आणि दादूसचा क्लासही नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ गेला की दुसरा नारळ पडवीच्या पायरीवर फुटायचा. त्याचं पाणी मॉनिटरवर उडू नये म्हणून दादूस दोन्ही हात पसरून आडवा उभा. मग पेट्रोलच्या बोळ्यानं एकेक कड पुसायची, सगळं जागच्या जागी बसवायचं, आणि पडदा उजळला की पोरं ओरडायची. बाबांच्या शेवटच्या आगोटीला तो असाच शाकारला गेला. त्या वर्षीची पौर्णिमा सुतकात गेली, आणि पुढच्या पौर्णिमेला त्याला खाली काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मी कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊन पनवेलला आणलं. दुकानात उघडलं तेव्हा बरोबरचे लोक पोट धरून हसले. ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, सीडीच्या खणाचे रूळ त्यात बुडालेले, भिंगावर बाबांच्या अंगठ्याचा ठसा. जिथून वीज जायची तिथेच लेप, असली काळजी आमच्याखेरीज कुणी घेतली नसेल. पण मी कापूस फिरवत गेले आणि मलाच आश्चर्य वाटायला लागलं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर इतकी वर्षं पडलेल्या त्या पत्र्याला गंजाचा ठिपका नव्हता. चुकीच्या ठिकाणी माया लावली होती हे खरं, पण माया वाया गेलेली नव्हती. सोनेरी कडा पुसून, शाळेतल्या साध्या खोडरबरानं घासल्या, त्या लख्ख झाल्या. बाकीचं वयोमानानं गेलेलं होतं. वीजपुरवठ्याचा डबा मेलेला, तो बदलला. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले होते, ते काढून नवे जोडले. घड्याळाचा सेल गळला होता. जुनी हार्ड डिस्क घरघरत सुरू झाली, म्हणून तिच्यावरचं सगळं आधी उतरवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत, काम कमी असलेल्या दुपारी, मी त्याच्यापाशीच असायचे.

आणि मग माझ्यातली कारागीर जरा जास्तच शेफारली. नुसतं दुरुस्त करून माझं समाधान होईना. जुन्या बाजारातून मेमरी मिळवून वाढवली. हार्ड डिस्कच्या जागी बोटाच्या पेराएवढं कार्ड बसवलं, म्हणजे आवाज नाही, खडखड नाही. फुगीर मॉनिटर कायमचा विझला होता, त्याच्याऐवजी सपाट पडदा लावला. पंखासुद्धा नवा, अगदी मुका. पूर्वी चालू व्हायला चहा पिऊन होईल इतका वेळ घेणारं ते यंत्र आता बटण दाबताच हजर होऊ लागलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शिमगा झाल्यावर सगळं परत गावी नेलं, पडवीत त्याच्या जुन्या जागी मांडलं, दादूसला धरून आणून खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं.

दादूसनं पाहिलं. आधी पडद्याकडे, मग कॅबिनेटकडे, मग माझ्याकडे. पाव्हण्यांच्या मुलाचं कौतुक करतात तसं त्यानं मान हलवून माझं कौतुक केलं. उजवा हात मांडीवर पडून राहिला. मी टायपिंगचा धडा लावला, त्यानं तो शांतपणे बघितला. मी मुद्दाम बटणांकडे बघत दोन बोटांनी बडवलं. एरवी या अपराधाला पंचा ठरलेला, आता तो नुसता किंचित हसला. ज्ञानकोशाची सीडी लावली, देवमासा पडवीभर गायला. दादूसनं डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडा ओलावल्या, हात तिथेच. त्याच्या ओळखीचं होतं ते सगळं, आणि त्याचं नव्हतं. मला वाटतं, मी ते इतकं गुळगुळीत करून आणलं होतं की त्याला त्यात करायला काही शिल्लकच नव्हतं. दर आठवड्याला मी जात राहिले, दर आठवड्याला तो माझ्या समाधानासाठी थोडा वेळ पडद्यासमोर बसत राहिला. चैत्र गेला, वैशाख गेला. त्याची बोटं आत वळायला लागली होती. वहिनी त्यांच्यात रुमालाची गुंडाळी कोंबून ठेवायची. मला रडू यायचं आणि संताप यायचा. कुणावर, ते मात्र कळायचं नाही.

पुन्हा आगोट आली. मी गेले त्या दिवशी किनाऱ्यावर हाकारे चालले होते. आमची होडी आता चुलतभाऊ चालवतो. ती ओढून झाल्यावर इंजिनाचं काम अर्ध्यावर ठेवून तो चहाला पडवीत आला. ग्रीसचा डबा त्यानं पायरीवर ठेवला. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो आणि दादूस अस्वस्थ व्हायला लागला. डावा हात कॉम्प्युटरकडे, मग किनाऱ्याकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे. तोंडातून नुसता घशातला आवाज. वहिनीला वाटलं त्याला होडी बघायला जायचंय, चुलतभावाला वाटलं पंखा लावायचा आहे. दादूसनं आमचा नाद सोडला. खुर्चीतून पुढे वाकून त्यानं डाव्या हातानं डबा ओढला आणि डाव्या हातानंच कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. मग मांडीवरचा उजवा हात उचलून, भाकरीचं पीठ उचलावं तसा, त्यानं ग्रीसमध्ये ठेवला.

मी उठलेच. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादूस, तिथं नको!" इतक्या कष्टानं घासलेल्या कडा, स्पिरिटनं पुसलेल्या जागा, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. दुरुस्तीचं काम करणाऱ्याला ग्रीस म्हणजे शत्रूच. दादूसनं माझ्याकडे पाहिलं. क्लासमध्ये कुणी मध्येच बोललं तर बघायचा तसं. कितीतरी महिन्यांनी मला तो माणूस दिसला. मी पुढे झाले, पिशवीतल्या स्क्रूड्रायव्हरनं कॅबिनेटचं झाकण काढलं, मेमरीच्या पट्ट्या आणि साउंड कार्ड एकेक करून उपसलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्यापुढे धरलं. डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार देत तो ग्रीस लावत गेला. आधी सगळं अंगठ्याच्या कडेनं, ओबडधोबड. पुढे मागच्या स्क्रूंची पाळी आली. प्रत्येक स्क्रूवर बोट टेकायचं, फिरवायचं, पुढच्याकडे जायचं. बोट घसरायचं, तो परत आणायचा. चुलतभावाचा चहा गार झाला. वहिनी दारात उभी होती, तिनं तोंडावर पदर धरला होता. वळलेली बोटं पुरती उघडली नाहीत, हे सांगायला हवं. पण तर्जनी हलत होती, आणि ती कुणी हलवत नव्हतं.

प्लास्टिक गुंडाळून झालं. गाठी मी मारल्या. त्या दादूसला पसंत पडल्या नाहीत, पण त्यानं चालवून घेतलं. घामानं तो ओलाचिंब झाला होता. मी त्याच्या पायाशी बसले होते आणि मला एकाएकी भीती वाटली की हे झाकणं म्हणजे निरोप तर नव्हे. म्हणून विचारलं, "दादूस, कवा उघडाचा याला?" त्याचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. वहिनी पुढे आली. मोठा श्वास घेऊन, अर्धवट पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं, तो म्हणाला, "पुनव."

मी रडले. चुलतभावानं तोंड फिरवलं. वहिनी मात्र कमरेला पदर खोचून म्हणाली, "मंग तवर तो हात चालवाला लागंल. मना एकटीला हा ओजा माल्यावरून उतरवाला जमाचा न्हाय." आणि अंगणाच्या कोपऱ्यातला स्पंजचा चेंडू शोधून, धुऊन, तिनं दादूसच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो फेकला नाही.

मी पनवेलला परतले. आमच्या धंद्यात बंद पडलेल्या यंत्राची दोनच नशिबं असतात. एक तर दुरुस्त होतं, नाहीतर भंगारात जातं. शाकारलेलं यंत्र आमच्या दुकानात येत नाही. दिसायला ते बंदच असतं, धूळ त्याच्यावरही बसते, जाणारायेणारा त्यालाही अडगळच म्हणतो. पण कुणीतरी त्याच्या पुढच्या हंगामाचा विचार करून त्याला मिटलेलं असतं. होडी ज्याला विकून टाकायची आहे तो तिला शाकारत नाही. इतके महिने आम्ही सगळे मिळून दादूसला मागचं आयुष्य परत दाखवत होतो. मीही जुनं यंत्र जिवंत करून त्याच्यापुढे ठेवलं, म्हणजे तेच केलं. मागे काय होतं ते त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याला पुढचा एक दिवस हवा होता, स्वतः ठरवलेला. तो त्याला पंचांगात सापडला नाही, ग्रीसच्या डब्यात सापडला. बाबांना हे कळलं असतं तर मिशीतल्या मिशीत हसले असते. त्यांच्या त्या अडाणी लेपानं माझी किती कामं वाढवली आणि काय काय वाचवलं, याचा हिशेब मी मांडायला बसत नाही.

बाकी सगळं अजून अधांतरीच आहे. वहिनी रोज फोन करते. कधी सांगते, आज चेंडू दाबला. कधी सांगते, आज सगळा दिवस रुसून बसलेत. शब्द मोजकेच आलेत आणि त्यातला एक तिच्यावर ओरडण्याचा आहे, याचं तिला फार समाधान. डॉक्टर म्हणतात बघू या. डॉक्टरांचं 'बघू या' मी आता शिकले आहे, त्यात होही नसतं आणि नाहीही. तो हात पुन्हा बटणांवर पळेल असं मी स्वतःला सांगत नाही. पौर्णिमेची रजा मात्र मी टाकली आहे. कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवायला मी लागेन, पट्ट्या जागच्या जागी मीच बसवीन. ग्रीस पुसायचा बोळा तेवढा दादूसच्या हातात द्यायचा, आणि तोही उजव्याच, असं वहिनीचं आणि माझं ठरलं आहे.